मागच्या टेबलावरचं जेवण

हॅलो?… हां, बोल ठमे… नाही, पुढचा शॉट सुरू झाला नाही अजून, दिवे लावतायत… अगं बोल तू, हात गुंतलेत, फोन खांद्यावर धरलाय… बटाटे. बटाटे रंगवतेय. बारा माणसांची मेजवानी आहे पडद्यावर, आणि खाण्याजोगं त्यात एक काही असेल तर शपथ… केक? केक प्लास्टरचा. शेजारचं आइस्क्रीम म्हणजे कुस्करलेला बटाटा… हस, हस. बऱ्याच दिवसांनी तुझं हसू ऐकलं…

म्हणजे? हसत नाहीयेस?

ठमे, रडतेयस तू? काय झालं? बाबा?…

हळू. एकेक सांग… डॉक्टर येऊन गेले. बरं… वजन आणखी उतरलं. किती?… महिन्याभरात चार किलो?… आणि तपासण्या?… सगळ्या चांगल्या. घसा, पोट, रक्त, कुठे काही नाही. मग उपाय काय म्हणाले?… नाकातून नळी. कधी?… आज? पाच वाजता येणार घालायला?… आत्ता एक वाजून गेलाय गं.

हो, हो… अगं ऐक ना… ऐकून तर घे. तुला कोण दोष देतंय?… असं म्हणाले? ‘घरात यांना उपाशी ठेवता का’ म्हणाले? उचलली जीभ लावली टाळ्याला… नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. दोन्ही वेळा गरम रांधून वाढतेस, मला माहितीये… हो, तुझ्या डोळ्यांदेखत जेवतात. अर्धा-अर्धा तास जेवतात. मीही पाहिलंय. गेल्या रविवारी तूच फोनवर दाखवलंस की, खिडकीपाशी बसून सूप पीत होते. मी म्हटलं, चला, आई गेल्यावर माणूस सावरला एकदाचा…

एक मिनिट हं… अहो! तो पाव हलवू नका! मागच्या शॉटला डाव्या हाताला होता. आणि तोडलेलाच राहू द्या, अख्खा नका ठेवू… काही नाही गं, मागच्या टेबलावरची ताटं मांडतायत. टेक कितीही होवोत, ताट पहिल्या टेकला होतं तसंच दिसायला हवं…

…

अं? आहे. आहे मी.

ठमे, मला एक सांग. ताट तूच उचलतेस ना? त्यात उरतं किती?… थोडं म्हणजे किती? नीट आठव… कडेला. आणि मध्ये?… मध्ये रिकामं. म्हणजे मध्ये तळ दिसतो, आणि भोवती सगळं सारलेलं असतं. झाडाच्या आळ्यासारखं… आणि पाव?… संपतो. रुमाल किती लागतात त्यांना?… हातरुमाल गं… रोज एक. आणि स्वतः धुतात. तुला हात लावू देत नाहीत…

सूप?… वाटी रिकामी असते. बरं, ते खिडकीपाशी बसतात ना? त्या खिडकीतल्या कुंडीतलं झाड कसं आहे?… विचारतेय ते सांग… पिवळं पडलंय. पडणारच. सुपातलं मीठ कुठल्या झाडाला मानवतं?

बस आधी. खाली बस… बसलीस? ठमे, बाबा जेवत नाहीयेत. जेवल्याचं नाटक करतायत.

…

अगं, एकतीस वर्षं त्यांनी केलं काय?… सिनेमात काम केलं, हो, पण कुठलं काम? पुढे नायक-नायिका बोलणार आणि मागच्या टेबलावर बाबा आणि आई जेवणार. तिथे खरं जेवून कसं चालेल? एका शॉटचे पंधरा-पंधरा टेक. खाल्लं तर ताट बदलतं, आणि पोटाचं मातेरं होतं ते वेगळंच. म्हणून चमचा भरायचा, ओठांशी न्यायचा, फुंकर मारायची, घसा हलवायचा आणि चमचा परत खाली. ताटात मध्ये खड्डा करायचा, म्हणजे दुरून निम्मं संपल्यासारखं दिसतं. पावाचा तुकडा रुमालात. आणि चमचा वाजता कामा नये. वाजला की पुढच्यांचा संवाद वाया…

हो, तो खानावळीतला प्रसंग. नायक उठून जातो आणि त्याचं सूप टेबलावर निवत राहतं. लोकांना अजून ते सूप आठवतं. आणि मागे बाबांना बघून तू थिएटरात खुर्चीवर उभी राहून ओरडली होतीस, ‘माझे बाबा बघा, सगळं प्यायले!’… ठमे, त्यांच्या वाटीत काहीच नव्हतं. गरम पाण्यात भिजवलेला कापूस वाटीमागे ठेवला होता, त्याची वाफ ती… मलाही या कामाला लागल्यावरच कळलं.

नाही गं, फसवलं कसलं? आणि तू फसलीस त्याचं काय घेऊन बसलीस? माझा तर पोटापाण्याचा धंदा आहे हा. रोज उठून हेच करते आणि रविवारी मीच ‘वा, बाबा’ म्हणाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच…

का म्हणजे? तू एवढी राबतेस, त्यांना ‘नको’ म्हणवत नसेल… चवीचा काही संबंध नाही. आत्या होती तोवर जेवत होते ना? ती परत गेली त्याला महिना झाला. चार किलोही महिन्यातलेच… आत्याच्या हाताला? आत्याला धड चहा करता येत नाही, ठमे! पण ती समोर बसून जेवायची.

ते जेवतात तेव्हा तू कुठे असतेस?… ओट्यापाशी. उभी. आणि तू कधी जेवतेस?… भांडी आवरता आवरता. आणि आईची खुर्ची?… भिंतीला लावून ठेवलीस. वर घडीचे कपडे… समोर रिकामी दिसली की त्यांना त्रास होईल म्हणून… हो गं बाई, चांगल्यासाठीच केलंस. मीही तेच केलं असतं.

पण मागच्या टेबलावर एकट्या माणसाला कधी बसवत नाहीत. एकटा दिसला की बघणाऱ्याची नजर पुढचं सोडून त्याच्याकडेच जाते. म्हणून तर आईला पहिल्यांदा त्यांच्यासमोर आणून बसवलं होतं… हो, लग्नाच्या आधी. दोन वर्षं नुसते ओठ हलवून बोलले म्हणे एकमेकांशी.

आज काय केलंयस?… सूप आणि पाव. पुष्कळ झालं. ती खुर्ची आण. कपडे टाक कुठेही. त्यांच्यासमोर ठेव. वाट्या दोन… दुसरी तुझी, आणखी कुणाची? आणि ती कुंडी उचल आधी तिथून! मग फोन त्यांच्या कानाला लाव.

हो, आले, आले! दिवे लागलेत ते दिसतंय मला. दोन मिनिटं द्या. घरचं आहे…

बाबा?… मी, थोरली… हो, सेटवरच… मेजवानी, बारा जणांची… मागच्या टेबलावर दोघं आहेत, नवे. तो गृहस्थ चमचा आपटतो. सकाळी तीन टेक त्याच्या पायी गेले… हो ना. तुम्ही हवे होतात.

बाबा, तुमचा कितवा टेक चाललाय?

…

तिनं नाही सांगितलं. तिला बिचारीला काय कळणार? ताटातल्या खड्ड्यावरून ओळखलं… रागावले नाही हो. काम अजून चोख आहे तुमचं, मीसुद्धा फसले… हं… घास नुसता फिरत राहतो. उतरत नाही… हो… समोर भिंत. हं… नाही, बोला ना. ऐकतेय मी…

तिला वाईट वाटेल म्हणून. आणि पाचला ते नळी घालतील, तेव्हा तिला काय वाटेल, बाबा? तिला वाटतंय तिच्याच हाताला चव नाही… ठाऊक नव्हतं तुम्हाला? ती कशाला सांगेल? तुमचीच मुलगी ती.

बाबा, शेवटचा टेक झाला की काय व्हायचं?… मला माहितीये, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय… हां. आचारी ओरडायचा, ‘ताटं तुमची!’ आणि नव्यानं गरम वाढायचा. पुढचे सगळे गाड्यांत बसून गेलेले, दिवे विझलेले, आणि तुम्ही दोघं तेव्हा कुठे जेवायला लागायचात… आणि अर्धा पाव रुमालात बांधून आमच्यासाठी… आठवतं, आठवतं. तो रुमाल घरी यायचा, बाबा. हा कुठे जातो?

…

महिनाभर टेक चाललेत तुमचे. झाला शेवटचा. ताटं तुमची.

समोर कोण बसलंय?… सकाळपासून उपाशी आहे ती. तुम्ही चमचा उचलल्याशिवाय उचलणार नाही. आईवर गेलीय… फोन वाटीशेजारी ठेवा. बंद नका करू.

…

अहो, जरा गप्प बसा ना सगळे! खिळे नंतर ठोका… एक आवाज यायचाय मला.

…

…

वाजला.

ठमे, तू बोलू नकोस. मी ऐकलं. वाटीला लागला चमचा… वाजू दे. कितीही वाजू दे… त्यांच्या घशाकडे बघत बसू नकोस, तुझ्या वाटीत बघ. तूही खा… ठसका लागला? पाणी दे. घाई कुणाला आहे?…

डॉक्टर? येऊ देत पाचला. मी काही डॉक्टर नाही, नळी टळेलच असं कसं सांगू? पण त्यांना सांग, नळी घालायच्या आधी एकदा टेबलाशी बसा. रुमाल दाखव त्यांना, कुंडी दाखव… हसतील तर हसतील.

हो, ठेवतेय हो!… ठमे, इथे फोन बंद करायला लावतायत… येते, संध्याकाळी येते, थेट तिकडेच. तिसरी वाटी ठेव… काय?… संपलं? तळ दिसतोय? आणि कडेला?… कडेलाही काही नाही? अगं मग रडत काय बसलीस, वाढ ना. गरम वाढ… ठेवते.