फोटोपुरती व्हीलचेअर

अहो, आपल्या मंडळाने दिव्यांग मुलांच्या कॉलेज फीसाठी स्कॉलरशिप काढली ना, त्यात आमच्या शेरलचं नाव लागलं. इथे दुबईत, ऊद मेथा भागात समारंभ होता. शेरलचा डावा पाय गुडघ्याखाली नकली, पण घोळदार पलाझोत कळतसुद्धा नाही. तिथेच अध्यक्षांची पंचाईत झाली.

"फोटोत काहीतरी दिसायला नको का? स्पॉन्सर काय म्हणतील?" असं म्हणत त्यांनी कुठूनतरी व्हीलचेअर आणवली. फीचा प्रश्न होता, म्हणून मी पोरीला डोळ्यांनीच दटावलं. बसली बिचारी.

नाव पुकारलं आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, स्टेजला चार पायऱ्या आहेत, रॅम्प नाही! शेरल म्हणाली, "इट्स ओके, अंकल," आणि उठून टकाटक वर गेली. टाळ्यांचा कडकडाट! पुढे बसलेल्या वसईच्या मावशीने तर चमत्कार समजून क्रूसाची खूण केली.

शेरल खाली उतरून आली तसे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "ही तर मस्त चालते हो. पूर्ण फी द्यायची का, कमिटीला विचारावं लागेल."

शेरलने ते ऐकलं. अध्यक्षांच्याच खुर्चीत बसून तिने पाय काढला आणि त्यांच्या हातात दिला. "अंकल, शो धिस टू द कमिटी."

फी पूर्ण मिळाली. पण पाय अध्यक्षांच्या हातात होता, नेमकं तेव्हाच फोटोग्राफरने क्लिक केलं होतं. आता फोटोत सगळं दिसतंय.