मागची सीट

हॅलो?… हो, मीच. बोल… अगं ताई, वारा आहे इथे, मोठ्याने बोल!

कुठे म्हणजे? बेटावर… हो, तेच. दर वर्षी बाबा आणि मी यायचो ते… नाही, एकटीच. सकाळच्या बोटीने आले… तुला सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस? मग!

हो, हो… अगं ऐक ना. सायकलवाल्याने मला लांबून बघितलं आणि आमची दोन सीटची सायकल काढूनच ठेवली. पुढची सीट बाबांच्या उंचीची, मागची माझ्या. त्याला कुठे माहीत?… मग काय, सांगितलं. बिचारा हातात पाना घेऊन तसाच उभा राहिला.

घेतली ना, तीच घेतली!… वेडबिड नाही लागलेलं मला. पुढची सीट खाली करून घेतली आणि बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा पुढे. नाहीतर हे बेट मी कधी बघितलं? बाबांचा शर्ट बघितला.

जेवले गं. दीपगृहापाशी बसून… डबा दोघांचाच भरला गेला, काय करू?

रडत नाहीये. वारा… बरं, रडतेय थोडी. तुला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस.

दीपगृहाच्या पुढे तो मोठा चढ आहे ना… तिथे मी कधी जोर लावलाच नाही. पुढचे पॅडल फिरले की मागचे आपोआप फिरतात. मी नुसते पाय ठेवायचे आणि वर ओरडायचे, "मारा, मारा, आलंच!"… हसतेस काय? मीही हसायचे मनातल्या मनात. यांना काही कळत नाही म्हणून.

कळत होतं गं! आज सायकलवाल्याने सांगितलं. सायकल परत देताना बाबा दर वर्षी त्याला हळूच म्हणायचे, "चढावर मागून काही जोर येत नाही. पण तिला वाटतं मला कळत नाही, तर वाटू दे."

…थांब, पुढे ऐक. गेल्या वर्षी अर्ध्या चढावर उतरले ते. पांढऱ्या दगडापाशी. म्हणाले, थांब जरा, समुद्र बघू. आणि मी काय म्हटलं माहितीये? "बोट चुकेल, एवढं काय बघायचंय त्यात?"… पंधरा दिवसांनी तर गेलेच.

हो, माहितीये डॉक्टर काय म्हणाले. आधीपासूनच होतं, कोणाचा दोष नाही… डॉक्टरांना कुठे माहीत, मागे कोण बसलं होतं?

नको गं… तू नको रडूस, ऑफिसात आहेस ना?

मी? त्याच दगडापाशी आहे… नाही, ढकलत नाही, चालवत आले इथपर्यंत. मागे कोणी नाही तरी केवढी जड आहे ही सायकल! वळून बघितलं, तर मागचे पॅडल फिरत होते, आपले आपण. अगदी माझ्यासारखे.

काही करत नाहीये. थांबलेय जरा. समुद्र बघतेय…

नाही गं. कुठला समुद्र! धाप लागलीये नुसती.

हो… हो, सावकाश जाईन. ठेवते आता. अजून अर्धा चढ बाकी आहे.