मॅडम, पण रंग कुठे बदलला?

...आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, पण रंग कुठे बदलला?" आता ह्यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा. अहो, अठ्ठावीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऑक्सिडेशन शिकवलं. अल्कोहोल घ्यायचं, त्यात क्रोमिक आम्ल ओतायचं, नारिंगी द्रावण हिरवं झालं की वहीत 'अभिक्रिया पूर्ण' असं लिहायचं आणि कँटीन गाठायचं. अल्कोहोलचं पुढे काय झालं, त्यातून हवं ते कीटोन मिळालं की नाही, ह्याची चौकशी कोण करतो? टाळ्या पडल्या की नाटक संपलं, पडद्यामागे नट शुद्धीवर आहे का हे कुणी बघतं का?

बरं, क्रोमियम म्हणजे काही साधंसुधं प्रकरण आहे? कर्करोगाला आमंत्रण ते. मोरीत ओतता येत नाही, म्हणून पिंपात ओतायचं, आणि ती पिंपं न्यायला कुणी फिरकत नाही. प्रयोगशाळेमागच्या व्हरांड्यात अशी सात पिंपं उभी होती, त्यांतलं पहिलं माझ्या नेमणुकीच्याही आधीचं, म्हणजे सेवाज्येष्ठतेने ते मला वरिष्ठ.

तर निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा मी ठरवलं, जाण्यापूर्वी हे विष पोरांच्या हातातून काढायचं. त्याच्या जागी ब्लीच. होय, तेच, पांढऱ्या कपड्यांना घरी लावतो ते. अल्कोहोलात थोडं ॲसेटिक आम्ल घालायचं, चंबू बर्फात ठेवायचा, वरून थेंबथेंब ब्लीच सोडायचं. कीटोन तयार, आणि मागे उरतं बहुतेक मीठ आणि पाणी. पण विभागप्रमुख, एके काळचे माझेच विद्यार्थी, म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं." तुम्हाला सांगते, ऐंशी टक्के पटलं की काम होतं, शंभर टक्के पटलं की समजावं, फाइल कपाटात गेली. "पण पालक विचारतील ना, पदवीला धुण्याचं ब्लीच शिकवता का म्हणून? आणि मुख्य म्हणजे, मॅडम... रंग कुठे बदलतो?"

शेवटी तडजोड झाली. परीक्षेला बाहेरून परीक्षक येतील, त्यांना प्रयोग पसंत पडला तर ब्लीच, नाहीतर पुढच्या वर्षापासून पुन्हा क्रोमियम. मी धास्तावले. आमचे प्रयोगशाळेतले मामा, जे माझ्याबरोबरच नोकरीला लागले, ते म्हणाले, "बाई, तुम्ही घोर लावून घेऊ नका. तुमची मान खाली जाईल असं काही मी होऊ देणार नाही." ह्या वाक्याला मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक आले, खुर्चीत बसले, तक्ता उघडला आणि पहिला प्रश्न काय? "मॅडम, रंग कुठे बदलतो?" मी म्हटलं, सर, रंग नाही, वास बघा, पुदिन्याच्या जवळ जाणारा आहे, कीटोनचा. तर म्हणतात, "वासाचे गुण कुठल्या रकान्यात देऊ? माझ्याकडे 'रंगबदल' एवढाच रकाना आहे." रकाना! म्हणजे रेणूने वागायचं ते तक्ता बघून.

एवढ्यात तिसऱ्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, माझा बदलला." बघते तर काय, चंबूच्या तळाशी छान हिरवा रंग. परीक्षक खुर्चीतून उठले, सकाळपासून पहिल्यांदाच. पण त्या चंबूत ब्लीचचा एक थेंबही अजून पडला नव्हता.

"मामा," मी हळूच विचारलं, "भांडी कशाने धुतलीत?"

"परीक्षा म्हटल्यावर साबण कसा चालेल, बाई?" मामांचा चेहरा असा फुललेला. "सगळी एकशे वीस भांडी दोन दिवस क्रोमिक आम्लात बुडवून ठेवली. तुम्हीच नाही का शिकवलंत, पहिल्या वर्षी?"

शिकवलं होतं. मीच. पोरांच्या हातातून क्रोमियम काढायला निघाले आणि मोरीवरच्या माणसाला विचारायचं राहून गेलं. ह्या चंबूत त्या आम्लाचा थेंब राहिला आणि अल्कोहोल पडताच हिरवा झाला, एवढंच.

आता गप्प बसले असते तर प्रयोग मंजूर होता. पण अठ्ठावीस वर्षं पोरांना 'खोटं निरीक्षण लिहू नका' म्हणणारी बाई गप्प बसेल कशी? म्हटलं, सर, हा रंग माझ्या प्रयोगाचा नाही, न विसळलेल्या भांड्याचा आहे. ते म्हणाले, "असू द्या हो मॅडम, आला ना?" आणि रकाना भरला.

प्रयोग मंजूर झाला. खाली शेरा आहे: 'रंगबदल समाधानकारक. भांडी धुण्याची पद्धत आहे तीच ठेवावी.'

आता पोरं ब्लीच वापरतात, आणि त्यांची भांडी धुवायला क्रोमियम पूर्वीच्या दुप्पट लागतं. व्हरांड्यात आठवं पिंप आलंय. मला वाईट वाटू नये म्हणून मामांनी ते स्वतःच्या हाताने रंगवलंय. हिरवं.

म्हणजे बदलला म्हणायचा, रंग.