तीनदा बोलावल्याशिवाय

मी सुमन मेश्राम. गाव आमचं वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाटहून आत. आता तिथं आमचं कोणी नाही राहिलं, पण कोणी विचारलं की तोंडात आधी गावच येतं. दिल्लीत चाळीसच्या वर वर्षं काढली, तरी मी दिल्लीची आहे असं नाही सांगत कोणाला. दिल्लीवाले पण नाही म्हणत मला दिल्लीची, तो भाग वेगळा.

तुम्ही मघाशी दारात उभ्या राहून म्हणाल्या ना, आत येऊ का, ते मला आवडलं ताई. आजकाल कोण विचारतं? पण काय सांगू तुम्हाला, ह्या विचारण्यानं अन् ह्या वळणानंच माझी पाच वर्षं खाल्ली. ऐका, सांगते. चहा थंड होऊन राहिला, आधी तो घ्या.

माझी आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. लग्न होऊन नवी नवी आली होती तेव्हाची गोष्ट. वावर ज्यांचं होतं त्यांच्या घरी मजुरी घ्यायला गेली, तर तिथली बाई म्हणे, ये ना आत, बस. आई बिचारी साधी. गेली आत, बसली सतरंजीवर, पाणी प्याली, बोलली, उठून आली. अन् अर्ध्या रस्त्यात आठवलं की खुरपं तिथंच राहिलं. परत जाऊन पाहते तर काय, ती सतरंजी धुऊन वाळत घातलेली अन् सून ती जागा पाणी टाकून पुसून राहिली. आईनं खुरपं उचललं अन् आली. पण त्या दिवसापासून तिनं नेम केला. कोणी एकदा बोलावलं की ते नुसतं तोंडानं, दुसऱ्यांदा बोलावलं तर बोलावणाऱ्याला पाहू द्यायचं आपण काय करतो ते, अन् तिसऱ्यांदा बोलावलं तर मग समजायचं की मनात आहे, तेव्हा जायचं. तीनदा बोलावल्याशिवाय उंबरठ्याच्या आत पाय नाही टाकायचा. आम्हा बहिणींना तिनं हे असं शिकवलं की विचारू नका. चपला बाहेर काढायच्या, आत डोकावायचं नाही, अन् म्हणायचं, नाही जी, जाते, कामं पडलीत. लोक म्हणायचे, किती वळणाच्या पोरी आहेत. आता वळण कुठून आलं ते आईलाच माहीत.

लग्न झालं अन् मी दिल्लीला आली. आमचे मिस्टर सेंट्रल गव्हर्मेंटमधे क्लार्क, क्वार्टर लक्ष्मीबाई नगरला. खाली मद्रासी, वर बंगाली, बाजूला अलाहाबादचे, अन् दोन घरं आपल्याकडची. मला हिंदी येत नव्हती, पण तिथं मला एकटं नाही वाटलं कधी. काऊन, तर थंडीत सगळ्या बाया खाली मैदानात खाटा टाकून उन्हात बसायच्या, मटार सोलायच्या, स्वेटर विणायच्या. मैदान काही कोणाचं घर नव्हतं, बोलवायचं कोणी अन् नको म्हणायचं कोणी? जायचं अन् बसायचं. ते ऊनच मला आता आठवत राहतं. आता ती क्वार्टरं पण पाडली म्हणतात, मी जाऊन पाहिलं नाही. कशाला पाहायचं?

मुलगा सातवीत असताना मिस्टर गेले. हार्ट. मग मला अनुकंपावर नोकरी लागली, शिपाई म्हणून. फाइली न्यायच्या, आलेल्या माणसाला पाणी द्यायचं. तिथं माझ्या वळणाची लई कदर झाली बाप्पा. दार वाजवायचं, थांबायचं, या म्हटल्यावरच जायचं, मला तर हे लहानपणापासूनच येत होतं. पण मी काही गरीब गाय नव्हती हं. एक नवा साहेब होता, पोरगंच होतं, पाण्यासाठी नुसता हात पुढं करायचा, मान वर नाही करायचा. मी ग्लास धरून तशीच उभी राहायची. हात हवेत, ग्लास माझ्याकडं. शेवटी मान वर व्हायची, मग मी म्हणायची, लीजिए सर. थोड्या दिवसांनी तो आपणच नमस्ते म्हणायला लागला. बदली झाली तेव्हा पाया पडला माझ्या. म्हणजे तिखट होती मी, पण तिखटपणा पण रीतीनं.

रिटायर झाली अन् क्वार्टर सोडलं. तोवर मुलानं इथं गाझियाबादला हा फ्लॅट घेतला होता. अकरावा मजला. एका मजल्यावर चार दारं अन् चारही बंद. सून चांगली आहे माझी, खोटं कशाला बोलू, पण एकदा तिच्या ऑफिसची माणसं जेवायला आली अन् मी आपल्या पद्धतीनं एकाच्या ताटात पोळी टाकली. तो नको नको करून राहिला, मला वाटलं लाजून राहिला, मी अजून एक टाकली. तो बिचारा पाणी पिऊ पिऊ गिळून राहिला. सगळे गेल्यावर सून एकदम प्रेमानं म्हणे, मम्मी, ना बोल दिया तो ना होता है, ज़बरदस्ती करना अच्छा नहीं लगता. मी म्हटलं अच्छा. शिकली. समोरच्यानं नको म्हटलं की विषय संपला, फिरून विचारायचं नाही. चलो, आपलं काय जातं, नवी रीत तर नवी रीत. मग मुलाची बदली झाली बंगलोरला, दोघं तिकडं गेले. मी पण गेली होती दोन महिने. तिथं माझा मुलगा खोलीच्या दारात उभा राहून विचारतो, मम्मी, बिझी हो क्या? बिझी! मी काय मंत्री आहे? आली निघून. म्हटलं इथं निदान भाजीवाला तरी ओळखीचा आहे.

आता चोप्राबाईंचं सांगते. समोरचं दार आहे ना, कुलूप पाहिलं तुम्ही येताना, ते त्यांचं. माझ्याच वयाची बाई, मिस्टर गेलेले, मुलगी देहरादूनला. मी बंगलोरहून एकटी परत आली त्या आठवड्यात त्यांनी बेल वाजवली अन् गाजराचा हलवा दिला, स्टीलचा झाकणाचा डबा, झाकणावर त्यांच्या मिस्टरांचं नाव कोरलेलं. आता डबा काही रिकामा परत देत नाही आपण. मी सांबारवडी केली, म्हणजे कोथिंबिरीची वडी, डबा भरला अन् गेली. त्यांनी दार उघडलं, खूश झाल्या, म्हणाल्या, अंदर आइए ना. मी काय म्हटलं असेल? नहीं नहीं, काम पडा है. आता तुम्हीच सांगा, मला कसलं काम? कपडे वाळलेले, भांडी घासलेली, दिवसभर भिंतीकडं पाहत बसलेली बाई मी, अन् म्हणते काम पडा है. मी थांबली, म्हटलं आता फिरून म्हणतील. तर त्या म्हणे, अच्छा जी, फिर कभी. अन् हसून दार लावलं.

मग दहाबारा दिवसांनी त्या आल्या डबा घेऊन, कढी होती. मी म्हटलं, बैठिए ना. त्या म्हणे, नहीं जी, आपको तकलीफ़ होगी. अन् मला सुनेचं आठवलं, ना म्हणजे ना. मी म्हटलं, अच्छा जी. बस. असंच चालू झालं बाप्पा, पाच वर्षं. डबा इकडून तिकडं, तिकडून इकडं. दारात दोन मिनिटं, गुडघे कसे आहेत, थंडी लई आहे, लिफ्ट बंद आहे, मुलगी आली होती का. अन् दोन्ही दारं बंद. कधी कधी तर मी दाराच्या भोकातून पाहायची, त्या कचरा ठेवायला बाहेर आल्या की लिफ्टकडं उगाच पाहत उभ्या राहायच्या. मला वाटायचं दार उघडावं अन् म्हणावं, या हो. पण कोणाला असं मधेच पकडणं बरं दिसतं का? नाही ना. मग भोकावरून डोळा काढायचा अन् टीव्ही लावायचा.

अन् खरं सांगू, मनात दुसरंही यायचं. माझ्या हॉलमधे समोरच बुद्धाचा फोटो आहे, दारातून दिसतो. तसे दिल्लीत बुद्ध सगळ्यांच्याच घरी असतात, शोपीस म्हणून, फिशटँकच्या बाजूला. पण माझ्याकडं फुलं वाहिलेली असतात, मेणबत्ती असते. ज्याला समजायचं त्याला समजतं. म्हणून एकदाच बोलावत असेल का ही बाई? डब्यातलं माझं खाते की कामवालीला देते? आईची ती वाळत घातलेली सतरंजी मी पाहिलेली पण नाही, पण माझ्या डोळ्यांपुढून हलायची नाही. रात्री लई रडू यायचं. मग सकाळी डबा दिसला की पुन्हा वडीचं पीठ भिजवायची. काय करता, तेवढंच एक माणूस होतं.

ह्या फेब्रुवारीत खाली गेटवर सामानाची गाडी लागली. गार्डला विचारलं, कौन जा रहा है? म्हणे, आपके सामनेवाली आंटी, बेटी ले जा रही है, फ्लॅट बेच दिया.  डबा माझ्याकडं होता. वर आली, घाईघाईनं रव्याचा लाडू केला, पाक बिघडला, तसाच भरला अन् बेल वाजवली. चोप्राबाई आल्या, ओढणी खोचलेली, केस विस्कटलेले. म्हणाल्या, आज सुबह से सोच रही थी आपको बताने आऊँ, फिर सोचा आप आराम कर रही होंगी. मग म्हणाल्या, अंदर आइए. अन् माझं तोंड पाहा, कसं वळण लागलेलं, म्हणते, नहीं नहीं, आप काम में हैं. त्या म्हणाल्या, अच्छा जी. डोळे भरले होते त्यांचे. दार लागलं, डबा माझ्या हातातच राहिला.

मी माझ्या दारात येऊन उभी राहिली अन् मला असा राग आला, असा राग आला की काय सांगू. आईचा आला, सुनेचा आला, सगळ्यात जास्ती माझ्या ह्या तोंडाचा आला. म्हटलं सुमन, आता कोण तीनदा बोलावणार तुला? गाडीवाला? फिरली अन् पुन्हा बेल दाबली. लागोपाठ दोनदा कोणाची बेल दाबायची नाही, हे मी माझ्या मुलाला मारून शिकवलं आहे. दार उघडलं. मी म्हटलं, मुझे बैठना है.

त्या पाहतच राहिल्या. मग एकदम हसल्या अन् हसता हसता रडायला लागल्या. आत काहीच नव्हतं, सोफा खाली गेलेला, पडदे काढलेले. एक गादी गुंडाळून ठेवली होती, तीच उलगडली अन् आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. लाडू फुटून राहिले होते, तेच खाल्ले. म्हणाल्या, मैं समझती थी आपको मेरे यहाँ बैठना पसंद नहीं. हमारी सास कहती थीं, जो मना करे उसकी कोई मजबूरी होगी, दुबारा पूछकर शर्मिंदा मत करो. मी डोक्यावर हात मारला. मग मी आईचं सांगितलं, सतरंजीचं. कधी कोणाला सांगितलं नव्हतं, मुलाला पण नाही. त्या ऐकत राहिल्या अन् मधेच माझा हात धरला. वड्यांचं पण विचारलं मी, निर्लज्जासारखं. तर म्हणाल्या, कामवालीला? तिला तर मी एक पण नाही द्यायची, फ्रिजमधे मागं लपवून ठेवायची. लई हसलो आम्ही. मुलगी येऊन पाहून गेली, ह्या दोघी काय करून राहिल्या म्हणून.

मग गाडीवाला ओरडायला लागला. उठलो. मी निघाली तर चोप्राबाई दारात उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, फिर आइए. मी म्हटलं, हाँ जी. त्या म्हणाल्या, फिर आइए. मी नुसती मान हलवली. अन् तिसऱ्यांदा म्हणाल्या, फिर आइए. घर तर तेव्हाच दुसऱ्याचं झालेलं होतं ताई, जायचं कुठं? डबा मी पुढं केला तर म्हणाल्या, रखिए, भरकर लेने आऊँगी.

तो पाहा, तिथं वर ठेवला आहे. फोन येतो त्यांचा कधी कधी, पण त्यांना ऐकू कमी येतं अन् मला मोठ्यानं बोलता येत नाही, मग आम्ही एकमेकींना फुलांचे फोटो पाठवतो. समोर अजून कोणी राहायला आलं नाही. संध्याकाळी सवयीनं भोकातून पाहते, कुलूप दिसतं. सुखी राहो ती बाई, मुलीजवळ आहे. माझं काय, जसं आहे तसं चाललं आहे, तक्रार कोणाकडं करायची?

आता तुम्ही उठून राहिल्या. पर्स घेतली, घड्याळ पाहिलं, म्हणाल्या, नको मावशी, जेवायचं राहू द्या, उशीर होईल. खरंच उशीर होईल का वळण आहे ते? खरं सांगा. बसा. भात टाकलेलाच आहे. बसा म्हणते. हे पाहा, तिसऱ्यांदा म्हणून राहिली, बसा.