सतरा कलमं आणि एक होडी

...अहो पण रस्ता बंद आहे हे त्या टॅक्सीवाल्याने ओरडून का नाही सांगितलं? हळू सांगितलं! हळू, गोड आवाजात, "काका, पुढचा रस्ता बंद आहे, मागून वळसा घालून न्यावं लागेल..." आता तुम्हीच सांगा, इतक्या गोड आवाजात खरं कोण बोलतं? तेहतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो मी! बाजारात शिरलो की निम्मे दुकानदार तराजू पुसायला लागायचे आणि उरलेले निम्मे दुकान बंद करून जेवायला जायचे, सकाळी दहा वाजता! आणि हा मला वळसा घालणार? मला फसवायचं? मला?

त्यात पुतण्याची यादी खिशात. तुम्हाला सांगतो, समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा घरात पहिली वस्तू आली ती ही यादी. पुतण्या मागच्या वर्षी कुठल्याशा किनाऱ्यावर जाऊन चांगला सोलून निघाला होता, त्या अनुभवातून त्याने फसवणूक टाळायची सतरा कलमं लिहून काढली. कलम चार : 'रस्ता बंद आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. झालं! मी म्हटलं, आम्ही चालत जाऊ. दोन बॅगा, एक पिशवी, आणि आमची ही, जिच्या गुडघ्याचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे... निघालो. अर्धा मैल गेलो आणि काय बघतो? रस्ता बंद! हा एवढा खड्डा! खड्ड्यात चार माणसं उभी, त्यांच्या डोक्यावरच्या टोप्या तेवढ्या दिसतायत. त्यातली एक टोपी म्हणाली, "टॅक्सीवाल्याने सांगितलं नाही का?"

ही बॅगेवर बसली, गुडघा चोळला आणि म्हणाली, "असू दे हो. तेवढाच वारा लागला." हे 'असू दे' लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात जेवढी म्हणून संकटं आली ना, ती सगळी 'असू दे' म्हणत आली आहेत.

आता मुळात समुद्रावर का गेलो, तर हिच्यासाठी. बाई जन्मली कोरड्या गावात, जिथे विहिरीचं पाणीसुद्धा विचारून वर यायचं. लग्न झालं तेव्हापासून एकच हट्ट. हट्ट तरी कुठला, वर्षातून एकदा भांडी लावता लावता म्हणायची, "एकदा होडीत बसायचंय मला. होडी पुढे जाते तेव्हा किनारा मागे मागे जातो म्हणे, तो बघायचाय." बस. दागिना नाही, बंगला नाही. किनारा मागे जाताना बघायचाय! आणि मी काय म्हणायचो? "मार्चनंतर बघू." कारण मार्चमध्ये खात्याची तपासणी. असे तेहतीस मार्च गेले. आता ऑपरेशननंतर वर्षभर होडीबिडीत पाय टाकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मी म्हटलं, चल! भरली बॅग! चार दिवस!

पण आधी हॉटेल. काउंटरवरची मुलगी म्हणते, "सर, थोडे जास्त भरून समुद्राकडची खोली घ्या ना, मागची खोली जरा आवाजाची आहे." ओळखलं! कलम सात : महागाची खोली गळ्यात मारतात! मी म्हटलं, बाई, आवाजाची असू द्या, आम्ही काय गाणं रेकॉर्ड करायला आलोय? मागचीच द्या. दिली. खाली कपडे धुण्याची मशिनं. सहा! पहाटे साडेचारला सुरू! पलंग असा थरथरतोय की उशी डोक्याखालून निघून पायाशी गेली. पण फसलो का? नाही!

पुढे ऐका. किनाऱ्यावर एक आजीबाई द्राक्षं विकत होती. आता माझ्याकडे ताणकाटा असतो. खिशातला, आकड्याचा, वस्तू अडकवली की वजन सांगणारा. निवृत्त झालो म्हणून काय झालं, डॉक्टर निवृत्त झाला की नाडी बघायची सोडतो? अर्धा किलो घेतली, बाजूला झालो, पिशवी काट्याला अडकवली. भरली किती? पाचशे साठ! साठ ग्रॅम जास्त! मी पुन्हा अडकवली. पुन्हा साठ. तिसऱ्यांदा अडकवतोय तोवर आजीबाई लांबूनच ओरडली, "काय रे बाबा, कमी भरली का?" मी म्हटलं, जास्त भरली. तर म्हणते, "मग ती बायकोला दे, आणि ते यंत्र खिशात ठेव, पोरं हसतायत!" तुम्हाला सांगतो, हिने त्या आजीबाईकडे बघून असं काही हसून घेतलं... जुन्या मैत्रिणी भेटल्यासारखं! माणूस कुणाच्या बाजूचं असावं? नवऱ्याच्या की द्राक्षांच्या?

आणि मग तो होडीवाला.

काळा दणकट गडी, दाढी वाढलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आम्ही दोघं वाळूत उभी, ही होडीकडे बघतेय... अशी बघतेय की मिठाईच्या दुकानाच्या काचेला नाक लावलेलं पोर बरं! होडीवाला म्हणतो, "काकू, चला. समोरच्या बेटापर्यंत जाऊन येऊ. पण आजच चला हां, उद्यापासून वारा आहे, लाल बावटा लागणार, मग होड्या बंद."

आजच चला! उद्या बंद! अहो कलम नऊ! पुतण्याने खाली दोन रेघा मारल्यात! 'आज शेवटचा दिवस असे सांगून घाई करतात.' मी असा हसलो, असा हसलो... म्हटलं, राजा, तू जन्मायच्या आधीपासून मी 'आज शेवटचा दिवस' ऐकतोय. मला फसवायचं? मला? उद्या येतो, भाव खाली आलेला असेल! तो म्हणाला, "काका, भावाचं नाही, वाऱ्याचं सांगतोय." ही म्हणाली, "अहो, जाऊ या ना." मी म्हटलं, तुला कळत नाही, तू गप्प बस.

ही होडीकडे बघत बघत मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो आणि बघतो तर खांबावर... लाल बावटा. हा एवढा! फडफडफडफड! एक होडी पाण्यात नाही. सगळ्या ओळीने वाळूत ओढून ठेवलेल्या. पोलिसाला विचारलं, उद्या उघडेल? म्हणे, "हंगाम संपला काका, आता दोन महिन्यांनी या." दोन महिन्यांनी!

मी वळून हिच्याकडे बघितलं. म्हटलं आता बोलणार, चांगली खरडपट्टी काढणार, हक्क आहे तिचा. तर ही पदर नीट करत म्हणते कशी... "असू दे हो. समुद्र काय, इथूनही दिसतोच की."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. खोटं कशाला बोलू? तेहतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली, आणि घरातल्या माणसाला दर वर्षी कमी मोजून दिलं. ती यादी काढली, सतरा कलमं, चार तुकडे केले... कचऱ्याच्या डब्यातच टाकले हो, किनारा घाण नाही केला... आणि शोधत गेलो त्या होडीवाल्याला.

भेटला. एकट्या त्याचीच होडी तेवढी अजून पाण्याच्या कडेला, दोराने खांबाला बांधलेली, पोरं आली की वर ओढणार होता. मी हात जोडले. म्हटलं, बाबा, चुकलो, काहीही घे पण हिला ने. तो म्हणाला, "काका, बावट्याखाली होडी नेली तर परवाना जाईल माझा, आणि काकू जातील ते वेगळंच." मग हिच्याकडे बघितलं, जरा डोकं खाजवलं. "बसायचंय का नुसतं? दोर बांधलेलाच राहील. बसायला बावटा आड येत नाही."

बसवली! गुडघा सांभाळत, त्याने एक हात धरला, मी दुसरा. तोंड किनाऱ्याकडे करून बसली. मागोमाग मी. होडीवाला म्हणतो, "जॅकेट घाला." म्हटलं, अरे होडी वाळूत आहे! "नियम आहे काका." आता नियम म्हटल्यावर मी काय बोलणार? घातलं. केशरी, फुगीर, गळ्यापर्यंत. वाळूत होडी, होडीत आम्ही दोघं, जॅकेट घालून! येणारे जाणारे फोटो काढतायत! मग म्हणतो, "भाडं?" मी म्हटलं, किती? म्हणतो, "बेटापर्यंत जाऊन येऊन जे असतं तेच." होडी वीतभर जाणार नाही आणि जाऊन येऊन! पण दिलं हो. पूर्ण दिलं. घासाघीस नाही, पावती नाही, काही नाही!

आणि तेवढ्यात भरतीची एक लाट आली. मोठी नाही, बेताचीच. होडीखालून गेली आणि होडी उचलली, हलली, दोर ताणला जाईपर्यंत असेल हातभर मागे गेली. हिने माझा दंड असा घट्ट धरला, नखं रुतली, आणि ओरडली, "अहो, गेला! गेला! किनारा गेला बघा मागे!" डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू, साठी उलटलेली बाई... मी किनारा नाही बघितला, खरं सांगतो. मी हिच्याकडेच बघत होतो.

दहा मिनिटं झाली, वीस झाली, लाटा ओसरल्या, जॅकेटमध्ये घामाच्या धारा लागल्या. मी म्हटलं, चला, झालं ना मनासारखं? उठतो मी.

तर पदर खोचून मला खाली ओढत म्हणते, "उठताय कुठे? जाऊन यायचं भाडं भरलंय ना? अजून आपण बेटावर पोचलोसुद्धा नाही!"

...बसलो.