टँकर येईस्तोवर उभे

समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे चेअरमन मोहनराव, गुडघा आता उभं राहू देतो का? जिल्हा बँकेचे पाहुणे, मागल्या खेपेला आमच्या पाण्यानं तुमचं पोट बिघडलं होतं, आता बरं हाय ना? केशरबाई वहिनी, खोकला थांबला का? पुढं बसलेल्या मायबहिणींनो, मागच्या तरण्या मंडळींनो, तुम्ही खुशाल दिसताच. आणि सत्कारमूर्ती अर्जुनराव, तुम्हाला आज काय विचारू?

अर्जुनराव मोठ्या लढाईच्या काळात विमान शिकवणाऱ्या फौजी तुकडीत फिटर होते. त्या तुकडीचा इतिहास मी सांगावा, असा चेअरमनसाहेबांचा हुकूम. माझी शाळा गुरांमागं झालेली. लई वेळा ऐकलं, तरी गोंधळ जात नाही. तुकडी हैदराबादेकडच्या माळावर. मुलूख निजामाचा, विमानं इंग्रजांची, लढाई जपान्याशी. मग शिकणारी पोरं कुणाची? अर्जुनराव म्हणतात, आपलीच. विमानाला एकावर एक पंख, बैठका दोन. उस्ताद पुढं बसायचा का शागिर्द, हे मी दर वेळी उलटंच सांगतो. पोराचा हात जरा बसला की उस्ताद खाली उतरायचा आणि त्याला एकट्याला वर धाडायचा. ही कसली शाळा, मला अजून कळलेलं नाही.

एवढं मात्र ध्यानात राहिलं, की तिथल्या फिटर लोकांचा एक रिवाज होता. आपण तयार करून दिलेलं विमान जमिनीला लागेपर्यंत खाली बसायचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीचा पाण्याचा टँकर आपला भारत चालवायचा, आणि त्याचं इंजिन अर्जुनराव नीट करून द्यायचे. टँकर निघाला की ते सोसायटीच्या दारात उभे. चहासुद्धा उभ्यानंच. आपल्याला वाटायचं, पावसाची वाट बघतात. माझ्या शेजारचा सटवा तर म्हणाला होता, "ढग आला की आधी यांनाच कळंल बे." हसलो होतो की सगळे, मीबी हसलो.

एका संध्याकाळी टँकर आलाच नाही. बीडला पाणी मिळालं नसेल, असं म्हणत आपण रिकाम्या घागरी घेऊन घरी गेलो. अर्जुनराव हलले नाहीत. शेवटी बँकेच्या जीपमध्ये सटव्याला घालून मांजरसुंब्याच्या घाटात गेले. टँकर वळणाखाली कलंडलेला, भारत आत अडकलेला. सकाळपर्यंत टिकला नसता, असं डॉक्टर म्हणाले. तो भारत आज लेकीला मांडीवर घेऊन समोर बसलाय.

नंतर मी अर्जुनरावांना विचारलं, तिकडं एखादं पोरगं परत आलंच नाही, असं झालं का?

"झालं की," म्हणाले. "कुठं पडला, ते फौजेनं सांगितलंच न्हाई. मंग धोंडीराम, बसायचं कवा?"

 

आता ते लेकीकडं पुण्याला निघालेत. सोसायटीची गाडी बाहेर गेली की दारात उभं राहायचं काम भारतनं मागून घेतलंय. पाहुण्यांचे, मांडववाल्यांचे, तुम्हा सगळ्यांचे आभार. उस्ताद-शागिर्द मागंपुढं झाले असतील, तर पोटात घाला. आणि अर्जुनराव, पोचल्याचं कार्ड लगेच टाका. ते हाती पडेपर्यंत आम्ही कुणी खाली बसणार नाही, आणि मोहनरावांचा गुडघा तुम्हाला ठाऊक हाय.