सुरत न पाहिलेली कनकलता

हॅलो? …अहो, तो टीव्ही बारीक करा हो, सकाळपासून उंदीर आणि उंदीरच दाखवतात… हॅलो? …अक्का! तू होय. …नाही गं, यांना म्हटलं. प्लेग तिकडे सुरतेत, आणि हे तोंडाला रुमाल बांधून बसलेत तंजावुरात. …हो, घरात! मेडिकलमधल्या होत्या नव्हत्या तेवढ्या कॅप्सूल आणल्या, दोन खाल्ल्या, आता पोट धरून बसलेत.

…ऐक ना, मीच करणार होते तुला फोन. संध्याकाळी सहाला कनकलताकडे येतेस? …अगं, आमच्या समोरची, रेशमाचे माग आहेत ना ज्यांचे, ते सौराष्ट्री. …हो, नवरात्रात मांडलेल्या बाहुल्या बघायला, हळदीकुंकवाला. …अगं पण… अगं ऐक तरी!

…कोण म्हणालं? …धनलक्ष्मी? अय्यो, तिचं काय ऐकतेस! सौराष्ट्र म्हणजे सुरत, सुरत म्हणजे प्लेग! ते लोक तिकडून निघाले त्याला कितीशे वर्षं झाली. बातम्या सुरू झाल्या तेव्हा कनकलताच मला विचारत होती, "भामा, ही सुरत मद्रासच्या पलीकडे ना?" …हस, हस. खरं म्हणजे सुरतेला आपलीच, मराठ्यांची माणसं जाऊन आलीत. दोनदा! आणि रिकाम्या हातांनी नाही आली.

…नाही गं, आपल्यातली एकही बाई फिरकली नाही तिच्याकडे. आज आठवा दिवस. रोज पातेलंभर हरभऱ्याचं सुंडल करते, विड्यांचं ताट मांडते, दिवे लावून दारात बसते. आणि मग सगळं गाईपुढे. गल्लीतल्या गाईनं यंदा नवरात्रात बाळसं धरलंय. …हसू नको आता. आज कोणी आलं नाही तर दसऱ्याआधीच बाहुल्या उतरवणार म्हणते, आणि मुलींना घेऊन मदुरेला. …कायमची. नवऱ्यानं माग विकायला काढलेत.

…कदीजा बीवीनं सांगितलं. ती एकटीच गेली ना काल. …ब्लाउज शिवते ती, हो, तीच. बाहुल्यांसमोर मांडी घालून बसली, दोनदा मागून खाल्लं, आणि सुंडलाचं पान हातात मिरवत गल्लीभर फिरली. सगळ्यांना दिसावं म्हणून! …तिला काय पडलं होतं म्हणजे? दोन वर्षांमागे अयोध्येची बातमी आली, तेव्हा कदीजाच्या मशीनकडे महिनाभर कोणी फिरकलं नव्हतं, आठवतं? …एकटी कनकलता गेली. सात ब्लाउज घेऊन. …नवे कुठले? शिवलेलेच, घरी बसून उसवले होते!

…म्हणूनच म्हणते, तू ये. तू आलीस की सगळ्या येतात. …कशा म्हणजे? कुणाच्या घरी जायचं नि कुणाच्या नाही, ते अर्धं गाव तुझी रिक्षा कुठे थांबते ते बघून ठरवतं. …खुशामत नाही गं! …हो, हो, थोडी खुशामत आहे.

…मी? …

…नाही. मीही नाही गेले अजून. …छे, पाहुणे कुठले, ते मी चंद्रमतीला न जाण्याचं निमित्त म्हणून सांगितलं होतं. …भीती? प्लेगची? तीही नाही गं.

…सांगते, थांब. …आपल्याला इथे तीनशे वर्षं झाली, तरी भाजीवाला विचारतोच ना, "अम्मा, तुमचं गाव कुठलं?" या आठ दिवसांत एकदा नाही विचारलं. सगळी गल्ली समोरच्या दाराकडे बघत होती, ही बाहेरची, ही बाहेरची. मी खिडकीत उभी राहून ते बघितलं, आणि… मला बरं वाटलं, अक्का. वाटलं, चला, आपण झालो एकदाचे इथले.

…काय?

…तुलाही?

…मग ठेव फोन आणि नीघ.